नुसतं वजन बदलायचं व्हतं

स्पिरिटचा वास आला की मला अजून धाप लागती. तान्ही पोरगी तापानं फणफणलेली, गंगापूरहून जीपनं शहरातल्या दवाखान्यात आणली, अन् कंप्युटरात तिचं वजन दुप्पट पडलं. इंजेक्शन तर वजन बघूनच भरणार. मी ते दुरुस्त करायला लावलं, तवा कंप्युटरवाला भाऊ म्हणला, "ताई, तुमच्या माहितीच्या आत बाळाची माहिती, तिच्या आत वजन. थेट तिथवर पोचवून तेवढंच बदलू देणारी जी सोय आहे, तिला आम्ही लेन्स म्हणतो. बाकी कशाला धक्का नाही, फक्त वजन बदललेली नवी प्रत तयार झाली. जुनी तशीच राहते." मी म्हणलं, "मग सिस्टरला कोणती दिसंल?" त्यानं सिस्टरच्या खोलीकडं बघितलं अन् मी पळत सुटले. सिस्टर जुन्याच वजनावर औषध भरत व्हती, मी तिचा हातच धरला. आता पोरगी घरभर हुंदडती, तरी कुणी "बदललं" म्हणलं की मी आधी जाऊन बघते.