शैलाच्या सहीखाली

"तुझ्या मायनं खडी फोडली, ते आमच्या शैलाच्या नावानं लिही," चेअरमन म्हणाले. "तुला काय अवघड हाय त्यात? तू तर जगलीच हायस ते."

साखर कारखान्याचं ऑफिस. भर दुपार. टेबलासमोर चार खुर्च्या रिकाम्या. मी उभी. माझा बा दाराशी उभा, कारण तो तिथला शिपाई. पन्नाशीच्या बाला चेअरमन सगळ्यांदेखत लिंब्या म्हणायचे. चेअरमनच्या मुलीला, शैलाला, बा ताईसाहेब म्हणायचा. शैला माझ्याच वयाची. बारावीला आम्ही एकाच वर्गात होतो. गुण माझे जास्त होते.

मला बोलावलं होतं माझ्या इंग्रजीसाठी. बहात्तरच्या दुष्काळात माय भूमकडं खडीच्या कामावर होती, तिथं मिशनच्या सिस्टर दूध पावडर वाटायला आल्या होत्या. त्यांनी मला सोलापूरच्या बोर्डिंगात नेलं. तिथं दहावीपर्यंत सगळं इंग्रजीत. कारखान्यात इंग्रजी पत्र नीट लिहिणारं कुणी नव्हतं. शिपायाची मुलगी लिहू शकते, हे चेअरमनना कळलं होतं.

खरं तर सरकारी मेडिकलच्या राखीव यादीत माझं नाव लागायला हवं होतं. पण सिस्टरनी शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' लिहिलेलं. तहसीलातला कारकून म्हणाला, "बौद्ध म्हंजे आधी कोण? पुरावा आणा." आजोबांची जात सांगणारा एकच कागद होता, निजामाच्या काळातला, उर्दूत. तो वाचणारा माणूस शोधेपर्यंत मुदत संपली. खुल्या यादीत मी थोडक्यात हुकले.

चेअरमननी टेबलावर दोन जाहिराती टाकल्या. दोन खाजगी मेडिकल कॉलेजं. एक कर्नाटकात, एक पुण्याच्या पलीकडं. दोन्हीकडं देणगी देऊन प्रवेश. पण दुष्काळी भागातल्या गरीब घरच्या मुलीसाठी दोघांनीही एकेक जागा मोफत ठेवली होती, स्कॉलरशिपची. ज्यांच्या उसाला बारमाही पाणी होतं, त्या चेअरमनना त्यातली एक हवी होती. तलाठ्याकडून 'कोरडवाहू शेतकरी' असा दाखला आधीच आणलेला होता.

"दोन्हीकडं लिहायचं," ते म्हणाले. "दोन गिऱ्हाईकं हुबी केल्याबिगर बैलाचा भाव निघत न्हाय."

मी जाहिराती वाचल्या. त्या माझ्यासाठी होत्या. एकेक शब्द माझ्यासाठी होता. हे मला कळलं, आणि मी पेनचं टोपण काढून लिहायला बसले.

का बसले? बा दारात उभा होता म्हणून. मला मोठ्यांसमोर बोलता येत नव्हतं म्हणून. आणि आणखी एका कारणानं, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला ते पत्र चांगलं लिहायचं होतं.

आणि ते चांगलं झालं. मी लिहिलं, आई खडी फोडायची आणि मी खडीच्या ढिगाच्या सावलीत झोपायचे. सावली सरकेल तशी आई मला सरकवायची. ऐन दुपारी ढिगाला सावली उरायची नाही. तेव्हा आई हातोडा ठेवून माझ्यावर सावली धरून उभी राहायची. मुकादम ओरडायचा, तरी उभी राहायची.

खाली शैलानं सही केली. सही करताना ती पेरू खात होती.

"असं खरंच झालतं?" तिनं विचारलं.

"हो."

"बापरे," ती म्हणाली आणि बिया खिडकीतून थुंकल्या.

मला शैलाचा हेवा वाटायचा. सांगायला लाज वाटते, पण ते खरं आहे. तिच्या साड्यांचा नाही, जीपचाही नाही. तिच्यासाठी पुण्याहून हाडांचा संच आणला होता, पहिल्या वर्षाला लागतो तो. प्रवेश व्हायच्या आधीच. दुसऱ्या पत्रासाठी मला त्यांच्या घरी बोलावलं, तेव्हा पेटी उघडी होती. शैला हाडांना हात लावायला भीत होती. "तू धर की," ती म्हणाली. मी मांडीचं हाड हातात घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं. वरचा गोल भाग कुठं बसतो, ते मी वाचनालयातल्या पुस्तकात पाहिलं होतं. मी तिला ते सांगितलं. तिनं जांभई दिली. त्या क्षणी ते हाड घेऊन पळून जावं, असं मला वाटलं. घरी आल्यावरही हाताला त्याचा स्पर्श राहिला होता. मी जेवले नाही.

पण त्याहून वाईट हेवा मला पत्रातल्या मुलीचा वाटला. तिच्याकडं माझी माय होती, आणि वर चेअरमनचं घरही होतं.

कर्नाटकातून उत्तर आलं. फी माफ. चेअरमननी ते दुसऱ्या कॉलेजाला कळवायला सांगितलं. मी कळवलं. सभ्य इंग्रजीत, आडून. ते इतकं देतात, तुम्ही काय द्याल? त्यांचंही उत्तर आलं. फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं. खाली दोन ओळी होत्या. तुमचं पत्र समितीत वाचलं, मग पुन्हा एकदा वाचायला लावलं. मुलाखतीला येताना आईंना जरूर घेऊन या, आम्हाला त्यांना भेटायचं आहे.

मी ते ऑफिसात चेअरमनना आणि शैलाला मराठीत सांगितलं. चेअरमन पोटावर हात ठेवून हसले. शैलाची आई सोन्याच्या बांगड्या घालणारी. ती तिथं कशी चालणार?

"लिंब्या," ते म्हणाले, "तुझ्या बायकोला दोन दिवस शैलाबरोबर धाडून दे. लुगडं जुनंच नेसू दे. अन् तिकडं तोंड उघडू नगं म्हणावं, नुसते हात दाखवायचे."

बा म्हणाला, "व्हय साहेब."

चटकन म्हणाला. पाण्याचा तांब्या मागितल्यावर म्हणतो तसंच.

पत्रं वाचून सांगण्यापलीकडं मी त्या ऑफिसात 'हो' आणि 'लिहिलं' याशिवाय तिसरा शब्द बोलले नव्हते. मी म्हणाले, "माय माझी आहे. ती माझ्याबरोबर जाईल."

"तू कुठं चाललीस?"

"मुलाखतीला. ते पत्र माझं आहे."

"सही शैलाची हाय," चेअरमन म्हणाले. आता ते हसत नव्हते. "लिंब्या, पोरगी लई शिकली रं तुझी."

शैलानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. हेवा होता. मी तो ओळखला, मला तो पाठ होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझं काहीतरी हवं होतं. मला त्याचा आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

घरी बा एकच वाक्य बोलला, "नोकरी घालवलीस." मग भिंतीकडं तोंड करून बसला.

माय गोधडीला टाके घालत होती. पत्रात काय आहे, ते तिला कुणी विचारलं नव्हतं की सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी कच्चा खर्डा काढला आणि मराठीत वाचून दाखवला. ढीग, सावली, मुकादम. मला वाटलं, ती रडेल.

सुई थांबली. ती म्हणाली, "उन्हात म्या तुझ्यासाठी हुबी ऱ्हायले. तू ते दुसरीच्या नावावर केलंस व्हय गं?"

मी खर्ड्याची घडी घातली.

"आन् आता तू बी मला दाखवाया न्यायला निघालीस. म्या येणार न्हाय. तिच्यासंगं न्हाय, तुझ्यासंगं बी न्हाय. माझी बोटं बघून डाक्टर करत्यात व्हय? तुझं डोकं बघा म्हनावं त्यास्नी."

ऑफिसात मी मोठा विद्रोह केला, असं मला वाटत होतं. चेअरमन मायला उसनी मागत होते. मीही तिला तिकिटासारखी घेऊन निघाले होते. फरक एवढाच की मी तिची मुलगी होते.

दोन्ही कॉलेजांना मी स्वतःच्या नावानं पत्र लिहिलं. आधीची पत्रं मी लिहिली, सही करणाऱ्या मुलीचं त्यातलं काहीच नाही, माझी गुणपत्रिका सोबत जोडली आहे. कर्नाटकातून उत्तर आलं नाही. दुसऱ्यांनी एका ओळीत कळवलं की वादातल्या अर्जांचा विचार करता येत नाही. ती जागा कुणाला गेली, मला माहीत नाही. शैलाला चेअरमननी देणगी भरून कर्नाटकात घातलं. दिवाळीला ती आली, तेव्हा खांद्यावर पांढरा कोट होता. मी रस्ता बदलला. त्या दिवशीही मी जेवले नाही.

बाला ऑफिसातून काढून उसाच्या गाड्यांच्या रांगेवर उभं केलं, उन्हात. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तेर गावच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी आजोबांचा उर्दू कागद वाचून नक्कल करून दिली. जातीचा दाखला आता माझ्या हातात आहे. मागच्या आठवड्यात चेअरमनचा माणूस दारात आला. म्हणाला, "साहेबांनी बोलीवलंय, इंग्रजीत एक अर्ज लिहायचाय." मी म्हणाले, "सांगा, येत नाही." बा आत बसून ऐकत होता. त्यानं मला अडवलं नाही.

या जूनमध्ये मी तीन अर्ज करणार आहे. एक सरकारी कॉलेजाला, दोन त्याच दोन कॉलेजांना. त्यांनी मला ओळखावं, म्हणूनच. तिन्हींत गुण असतील, दाखला असेल. दुष्काळ नसेल. घरची परिस्थिती सांगा, असं कुणी मुलाखतीत म्हटलं, तर मी सांगणार नाही. म्हणेन, जीवशास्त्र विचारा.

शैलाचा हेवा अजून जात नाही. मी तो घालवणारही नाही. तिला मिळालं ते सगळं मला हवं आहे. मी ते मागणार आहे, माझ्या नावानं. आणि तिघांपैकी कुणी नाही म्हणालं, तर का नाही, ते त्यांच्याकडून लेखी घेणार आहे.