हिल्काचा बटाटा आणि सौनाची किल्ली

हिल्काच्या पायाला भिंगरी आहे. तीस वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना जेवू घातलं, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी बाई अजून घंटेवर धावतात. नाताळच्या जेवणाची तिची यादी नोव्हेंबरातच फ्रिजच्या दारावर लागते. गाजराचा आणि सलगमाचा कुस्करा भाजून फ्रीझरमध्ये गेलेला असतो, डुकराची मांडी खाटकाला सांगून झालेली असते, बीट कोणत्या दिवशी उकडायचं तेही लिहिलेलं असतं. मी तिची शेजारीण, तहान लागल्यावर विहीर खणणारी. डिसेंबरच्या बावीस तारखेला मी दुकानात मोहरी शोधत असते, आणि ही मला भेटली की विचारते, "आउने, यंदा तरी यादी केलीस का गं?" डोक्यात जाते अगदी.

पण एक पदार्थ तिच्या यादीला जुमानत नाही. गोड बटाटा. उकडून कुस्करलेल्या बटाट्यात मैदा मिसळायचा आणि पातेलं कोमट जागी पाच तास ठेवून द्यायचं. साखरेचा कण न घालता तो आपला आपण गोड होतो, मग ओव्हनमध्ये भाजायचा. फार तापला तर बिघडतो, निवला तरी बिघडतो. फ्रीझरमध्ये ठेवला तर त्याचं पाणी होतं, म्हणून आधी करून ठेवायची सोय नाही. त्याला एकच लागतं, कोणी हात लावायचा नाही. आणि हिल्काला नेमकं तेच जमत नाही.

म्हणून हे काम तिच्या नवऱ्याचं, तैस्तोचं. तो अंगणातला सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, सकाळी जरासा तापवायचा, विस्तव विझला की पातेलं गोधडीत गुंडाळून आत ठेवायचा, कुलूप घालून किल्ली खिशात टाकायचा आणि पायरीवर शब्दकोडी सोडवत बसायचा. हिल्का घिरट्या घालायची. तो मान वर न करता म्हणायचा, "नाही."

एप्रिलमध्ये तैस्तो गेला.

त्यांची लेक काइसा तांपेरे शहरात असते. तिनं फोन केला, "आई, नाताळला आमच्याकडेच ये. दुकानात सगळं तयार मिळतं."

"गोड बटाटा?"

"तोही मिळतो."

"साखर घातलेला! तो काय खायचा?" हिल्का तडकली. मग तिनंच पैज लावली. यंदा जेवण इथेच. बाबांचा बटाटा साधला तर पुढेही इथेच. नाही साधला तर नाताळ कायमचा तांपेरेला. हे मला सांगताना ती उभ्या उभ्या माझंच टेबल पुसत होती.

बावीसला तिनं पहिलं पातेलं लावलं. मी खिडकीतून बघत होते. ती दहा मिनिटंसुद्धा घरात टिकली नाही. अंगण ओलांडायचं, दार उघडायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. दुपारी ती चमचा घेऊन माझ्याकडे आली. मी चाखलं.

"भिंतीला लाव, चिकटेल," मी म्हटलं.

ती हसली नाही. काइसा तेवीसच्या संध्याकाळी येणार होती, म्हणजे एकच संधी उरली होती.

तेवीसला सकाळी दारात हिल्का हजर. माझ्या हातात किल्ली कोंबून म्हणाली, "पातेलं आत आहे. मी पाया पडले तरी देऊ नकोस. आणि घरात नाही बसायचं, पायरीवर बस."

"बाहेर उणे चौदा आहे, बाई!"

"तैस्तो बसायचा."

दोन स्वेटर चढवून, थर्मास घेऊन बसले. अर्ध्या तासात आलीच.

"टॉवेल आत राहिलाय."

"दोरीवर आहे. इथून दिसतोय मला."

"नुसतं गोधडी सरकली का बघते."

"नाही."

तिनं झाडलेलंच बर्फ तीनदा झाडलं. चौथ्यांदा आली तेव्हा डोळे भरलेले होते. "आउने, पुन्हा बिघडला तर या घरातला नाताळ बंदच होणार गं."

मलाही भरून आलं, किल्ली देऊन टाकावीशी वाटली. पण मी खिशावर हात दाबला आणि म्हटलं, "नाही."

तीन वाजता, इथला लवकरचा अंधार पडायच्या आत, आम्ही दार उघडलं. हिल्कानं चमचा माझ्याच हातात दिला, म्हणून आधी मीच चाखलं. गोड होता. भिंतीला लावण्यासारखा मुळीच नव्हता.

चोवीसला कबरीवर मेणबत्ती लावून आल्यावर सगळे जेवायला बसलो. काइसानं पहिला घास घेतला आणि मान खाली घातली. "बाबांचाच आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी आम्ही दोन दिवस आधी येऊ."

हिल्का लगेच कॉफी करायला उठली. मी मागोमाग गेले. कॉफीचा डबा काढला, तर मागच्या खिळ्याला एक किल्ली.

"ही कसली?"

"सौनाची."

"म्हणजे काल तुझ्याकडे..."

"एकेचाळीस वर्षं तिथेच आहे. तैस्तोलाही माहीत होतं."

"मग भवाने, मी पाच तास थंडीत कशाला कुडकुडले?"

हिल्का खुर्चीवर बसली. सणाच्या दिवशी तिला स्वयंपाकघरात बसलेलं मी प्रथमच पाहिलं.

"परवा मी बटाटा बघायला जात नव्हते," ती म्हणाली. "पायरी बघायला जात होते. ती रिकामी दिसली की हात आपोआप दाराकडे जायचा."

मी डबा जागेवर ठेवला. घरी येऊन एक कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या नाताळची यादी केली. तिच्यात दोनच गोष्टी आहेत, एक जाड उशी आणि शब्दकोड्यांचं पुस्तक.