एम.ए.वाला फोन

कोल्हापूर स्टँडवर पुण्याच्या एसटीत बसवताना आबा एवढंच म्हणाले, "पोचलीस की फोन कर." आमच्या घरी फोन नव्हता. तो कसबा बावड्यात शेजारच्या किराणा दुकानात. दुकानदाराची मर्जी असली तर तो आबांना हाक मारायचा, नाहीतर "न्हाईत घरात" म्हणून ठेवून द्यायचा. लेकीशी बोलायला दुसऱ्याच्या दारात ताटकळायचं, हे आबांना फार लागायचं. मोबाईल हवा होता तो त्यासाठी, मिरवायला नव्हे.

मिरवणारे पुण्यात, माझ्या ऑफिसात होते. आपल्याकडूनच आलेले, तुम्ही ओळखता त्यांना. गावाकडं यांचा पहिला प्रश्न असायचा, "आडनाव काय?" आम्ही बौद्ध. उत्तर दिलं की पुढं चहा कुठल्या कपातून येणार, हे आधीच कळायचं. पुण्यात येऊन ही मंडळी सुधारली म्हणे! आता विचारायची, "मोबाईल कुठला, जीएसएम का सीडीएमए?" जीएसएमवाला वरचा, सीडीएमएवाला खालचा. या अक्षरांचा अर्थ काय, असं एकदा मी विचारलं, तर एकालाही सांगता येईना. आणि फरक तो केवढासा! जीएसएममधलं कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं, सीडीएमएत नंबर फोनमध्येच बसवलेला. एवढ्यावर नाकं मुरडायची. किळस यायची मला त्यांची.

मग एक दिवस आबांचा फोन आला, स्वतःच्या मोबाईलवरून. इतक्या जोरात बोलत होते की माझ्या कानठळ्या बसल्या.

"शाहूपुरीत गेलतो मोबाईल घ्यायला. तिथला दुकानदार म्हणाला, पावणं, जीएसएम देऊ का सीडीएमए? म्हटलं, एम.ए.वालाच दे. माझी लेक एम.ए. हाय!"

आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढं कुणी गेलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, सगळं दुकान हसाय लागलं की! लई आनंद झाला बघ त्यास्नी."

ती हसणारी थोबाडं मी पाहिली नाहीत, पण ओळखते. पुण्यात रोज तसल्यांच्यातच बसून डबा खाते.

तो फोन केव्हाच बंद पडला, ती सेवाही गेली. आबा मात्र घरी येईल त्याला ही गोष्ट अजून सांगतात, मी समोर असले की जरा जास्तच जोरात. पुण्यात मी कुणाचीही चूक तिथल्या तिथं तोंडावर फेकते. बावड्यात मात्र "व्हय की, आबा," म्हणते. घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच उरलंय: ते लोक का हसले, हे आबांना कधीच कळू न देणं.