रवळूच्या दगडाला तेल

लष्कराच्या कॅम्पात इंग्रजांचे गोरे सोजीर होते त्या काळातली गोष्ट. येळ्ळूरच्या रवळूला सगळ्या जगाचा संशय. म्हशीनं दूध चोरलं की शेजारणीची नजर लागली, पागोट्याची घडी मोडली की कुणीतरी हात लावला! असल्या माणसाशी बोलायचं तरी काय, सांगा!

त्या साली जत्रेतला गुंडा, म्हणजे तो भला थोरला गोल दगड, खांद्यावर घ्यायचाच असा त्यानं पण केला. तालमीचे वस्ताद आण्णाप्पा नवख्यांना सांगत, "कमरेनं ओढू नको. बैठक मारून मांडीवर घे, छातीला चिकटव, मग खांद्यावर. आन् एकट्यानं उचलू नको रं, बाजूला माणूस पायजे."

रवळूनं सगळं ऐकलं, शेवटचं सोडून. बाजूला उभा राहणार कोण, तर लहानपणचा दोस्त परशराम. त्यालाही गुंडा उचलायचा होता. माझी पकड बघून घेईल लेकाचा! म्हणून रवळूनं तसलाच एक दगड गोठ्यामागं आणून टाकला आणि पहाटे एकटाच घाम गाळू लागला.

दगड मांडीपर्यंत यायचा आणि निसटायचा. एकदा तर पायाच्या अंगठ्याला चाटून गेला. रवळूनं हात हुंगला. तेल! त्याचं टाळकंच फिरलं. तसाच तालमीत गेला आणि सगळ्यांदेखत परशरामची गचांडी धरली.

"माझा पाय मोडायचा हुता व्हय तुला?"

"मारुतीची आण, तुझ्या गोठ्याकडं फिरकलो न्हाय मी," परशराम म्हणाला. रवळू ऐकतोय कशाला! परशरामनं लंगोट काखेत मारला आणि तो तालीम सोडून गेला.

चोराला रंगेहाथ धरायचं म्हणून शनिवारी रवळू कडब्याच्या गंजीआड दडून बसला. आली ती त्याचीच बायको, मालुबाई. मारुतीला तेल घालून परत येत होती. वाटीतलं उरलेलं तेल तिनं दगडावर ओतलं, दोन्ही हातांनी चोळलं आणि डोकं टेकलं.

"देवा, ऊठ नाहीतर उठू नको. पर ह्यांच्या पायावर तेवढं पडू नको."

रवळूला गंजीआडून बाहेर यायचं तोंड राहिलं नाही. ती गेल्यावर त्यानं दगडाला राख चोळली आणि परशरामचं घर गाठलं. "तेल घरातलंच हुतं. चुकलो मी," एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी पहाटे परशराम गोठ्यामागं हजर. रवळूनं दगड मांडीवर घेतला, छातीला लावला. परशरामनं दोन्ही हात पुढं केले. आणि रवळूच्या मनात आलंच, हे हात धरायला हायत, का ढकलायला? जळ्ळं मेलं असलं मन! त्यानं दगड खाली ठेवला. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

"परश्या, जा तू. माझ्या मनातलं अजून जात न्हाय."

"दिसतंय की मला," परशराम म्हणाला. हात त्यानं तसेच पुढं धरले होते. "उचल."