खोकल्याचं बटण

साळू हे तिचं खरं नाव नव्हे, साळुंकीवरून पडलेलं. आई-वडील एकापाठोपाठ गेले तेव्हा ही एवढीशी होती आणि थोरली बहीण स्वतःच जेमतेम मोठी झालेली. ताईच्या हातात शिवण होतं. एका परदेशी बाईंच्या बंगल्यावर ती पडदे नि उशांचे अभ्रे शिवायला जायची, आणि धाकटीला कुठे ठेवणार म्हणून मशीनच्या पायाशी बसवायची. बाई टेलिफोनवर जे जे बोलतील ते ते ही टेबलाखालून, त्याच हेलात, तसंच्या तसं बोलून दाखवायची. एकदा बाई कुणाशी तरी कडाकडा भांडत होत्या. टेबलाखालूनही कुणीतरी तितक्याच तावातावानं भांडतंय हे ऐकून त्यांना हसू आवरेना. "साळुंकीच आहे मेली," ताई शरमून म्हणाली. बाईंनी मात्र तिला जवळ बसवून अक्षरं शिकवली. पुढची शाळा, कॉलेज, भाषेची पदवी, हे सगळं ताईच्या मशीननं केलं. ताईनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "हिचं शिक्षण होईतो थांबा." थांबणारं कुणी निघालं नाही.

साळू दुभाषी झाली. अर्थतज्ज्ञांच्या परिषदा असल्या की तिलाच बोलावणं यायचं, कारण करसुधारणा, देशांची कर्जं, आयातशुल्क, असल्या विषयांवर भल्याभल्यांची जीभ अडखळते आणि हिची अडखळत नसे. अर्थतज्ज्ञ उंटावरून शेळ्या हाकतात, असं आपण सहज म्हणतो. पण त्या हाका शेळ्यांना समजाव्यात म्हणून कुणीतरी सभागृहाच्या मागच्या भिंतीतल्या काचेच्या खोलीत बसून घसा कोरडा करत असतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्या खोलीला दुभाषी लोक खुराडं म्हणतात. त्यात दोघंच मावतात. साळूच्या शेजारी मास्तर असत. ते पूर्वी शाळेत शिकवायचे, आणि हा धंदाही तिला त्यांनीच शिकवलेला.

"वक्ता 'मी' म्हणाला की आपणही 'मी'," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "'ते म्हणतात' वगैरे काही नाही. आणि आपलं मत चपलांबरोबर दाराबाहेर काढून यायचं."

"आणि फारच वाटलं तर?"

"तर हे खोकल्याचं बटण."

प्रत्येक माइकखाली ते असतं. दाबून धरलं की माइक बंद, सोडलं की चालू. केलेलं खोकल्यासाठी, पण जगातल्या कुठल्याही खुराड्यात ते खोकल्यापेक्षा शिव्यांसाठी जास्त झिजतं. मास्तर तर त्यावर अंगठा ठेवून मंत्र्यांचा उद्धार करत आणि अंगठा उचलून लगेच 'आदरणीय महोदय' म्हणत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. साळूलाही सवय लागली. वक्ता पाणी प्यायला थांबला की ही बटण दाबायची आणि त्याला परस्पर उत्तर देऊन मोकळी व्हायची.

घरी आली की ताई विचारायची, "आज काय केलंस?"

"आज मी एका देशाचं निम्मं कर्ज माफ केलं."

"बाई गं! मग आता तो कुकर उतरव."

"दुपारनंतर मी श्रीमंतांवर कर लावला."

"अगं, घरात तरी तुझं बोल," ताई हसत म्हणायची, आणि मशीनचं चाक पुन्हा फिरू लागायचं.

मग ताईची मूत्रपिंडं निकामी झाली. साळूनं आपलं एक देऊ केलं, पण ते जुळलं नाही. ताई डायलिसिसवर गेली. सोमवार नि गुरुवार सरकारी दवाखान्यात जायचं, यंत्राशेजारी पडून राहायचं, आणि यंत्रातल्या फिल्टरमधून रक्त गाळून झालं की आणखी काही दिवसांची ताकद घेऊन परतायचं. ताईनं तेही अंगवळणी पाडून घेतलं. उशाशी छोटा रेडिओ ठेवायची. परिषदेचं भाषण लागलं की साऱ्या वॉर्डाला सांगायची, "हा आवाज आमच्या साळूचा."

त्याच सुमारास देशाची गंगाजळी आटली. परक्या कर्जाचे हप्ते थकले, आणि बाहेरचे व्यापारी म्हणू लागले, आधी पैसे टाका मग माल. फिल्टर बाहेरूनच यायचे. खाजगी दवाखान्यांनी हात वर केले. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं एका गुरुवारी साळूला जिन्याखाली गाठलं. बिचाऱ्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"साठा संपत आलाय. वरून हुकूम आहे, तरुणांना आधी. पुढच्या सोमवारपासून तुमच्या ताईंना..."

"मग मी काय करू?"

"परिषद चालू आहे ना? औषधांची आयात मोकळी ठेवा म्हणून आमच्या डॉक्टरबाई भांडतायत तिथं. ती मोकळी राहिली तर बंदरात अडकलेला माल सुटेल. नाही तर..."

साळूनं घरी काही सांगितलं नाही. आजचं मरण उद्यावर ढकलावं तसं तिनं ते परिषदेच्या शेवटच्या दिवसावर ढकललं. ताई सोमवारच्या पिशवीत रेडिओचे नवे सेल घालून ठेवत होती.

परिषदेपुढे प्रश्न सरळ होता. परकं चलन वाचवून कर्ज देणाऱ्यांत पत परत मिळवायची, त्यासाठी धान्य नि इंधन सोडून बाकी सगळी आयात काही काळ थांबवायची. डॉक्टरबाई एकट्या म्हणत होत्या, "औषधं आणि दवाखान्याचं सामान त्यातून वगळा." परिषद जी शिफारस करील तिच्यावर सरकार त्याच संध्याकाळी सही करणार होतं. शेवटच्या दिवशी सकाळपर्यंत निम्म्याहून जास्त माना बाईंच्या बाजूनं हलत होत्या. साळू काचेमागून त्या माना न्याहाळत होती. इतक्या वर्षांत तिनं कुणाच्या जिंकण्याची आशा धरली नव्हती. त्या दिवशी धरली.

जेवणानंतर पाहुणे बोलायला उभे राहिले. हे मोठे नावाजलेले अर्थतज्ज्ञ. त्यांचा देश असाच बुडून पुन्हा वर आलेला. माणूस दुष्ट नव्हता, उलट फार सौम्य होता, आणि तेच वाईट होतं. दुष्टाचं कुणी ऐकत नाही. साळूच्या तोंडून ते बोलू लागले, "अपवाद केला की अपवादांची रांग लागते. आम्ही एकही केला नाही. ते वर्ष कठीण होतं. घराघरात दुःख होतं. माझंही घर त्यातून सुटलं नाही."

एवढं बोलून ते पाण्याचा पेला शोधू लागले. साळूनं सवयीनं बटण दाबलं.

"तुमचं घर?" ती पुटपुटली. "ज्याचं जळतं त्याला कळतं हो." तिचे डोळे भरून आले, समोरचं सभागृह दिसेना, आणि डोळे पुसायला तिनं हात उचलला. बटणावरचाच हात. ती बोलतच राहिली. "माझी ताई आहे. लोकांचे पडदे शिवून तिनं मला माणसात आणलं. आता तिला म्हणतात, तुझं वय झालं, तू येऊ नकोस. तिचा फिल्टर बंदरात पडलाय आणि ती घरी मरणार आहे. मी काय करू? मी कुणाच्या पाया पडू?"

हात उचलताच माइक चालू झाला होता, आणि हे सगळं सभागृहातल्या हेडफोनमध्ये गेलं होतं. सगळे पाहुण्यांकडे बघत होते. पाहुणे मान खाली घालून पाणी पीत होते, आणि त्या बिचाऱ्याचा तो साधा घोट साऱ्यांना आवंढा वाटला.

मास्तरांनी तिचं मनगट धरलं. "दुरुस्ती," ते ओठांनीच म्हणाले. चुकलं तर म्हणायचं एक ठरलेलं वाक्य असतं, 'दुभाष्याची दुरुस्ती'. ते म्हटलं की मागचं पुसलं जातं, आणि बहुधा नोकरीही. साळूनं तोंड उघडलं. इतक्यात तिला दिसलं की पहिल्या रांगेतल्या एका करड्या चेहऱ्याच्या अर्थतज्ज्ञानं चष्मा काढला आहे. त्याच्या पलीकडचे गृहस्थ रुमाल शोधतायत. डॉक्टरबाईंनी ताठ होऊन मागे वळून पाहिलं, जणू कुणी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जे त्यांच्या इतक्या आकडेवारीनं झालं नाही ते झालंय, असं साळूला वाटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर आख्खा ओंडका हाताला लागल्यासारखं झालं होतं. तिनं दुरुस्ती केली नाही. पाहुण्यांचं उरलेलं भाषण तिनं स्वच्छ आवाजात, चोख पोचवलं. "म्हणून मी म्हणतो, धीर धरा. अपवाद करू नका." टाळ्या बराच वेळ वाजत होत्या.

मग अध्यक्ष उठले.

"मंडळी, आजवर मी पुष्कळ भाषणं ऐकली. पण असं काळीज उघडून बोलणारा माणूस पाहिला नाही. पाहुण्यांची सख्खी थोरली बहीण. तिला मरताना पाहूनसुद्धा त्यांनी आपल्या देशासाठी अपवाद मागितला नाही. मग आपण कोण मागणारे?"

मास्तर त्यांच्या माइकवरून पाहुण्यांना एवढंच म्हणाले, की तुमच्या घरानं सोसलं आणि तरी तुम्ही ठाम राहिलात याचं कौतुक होतंय. बहीण त्यांनी गाळली. साळूला वाचवण्यासाठी गाळली. पाहुण्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली.

साळूला समजायला एक क्षण लागला. मग तिनं बटणावरचा हात झटकून माइक तोंडाशी ओढला. "दुभाष्याची दुरुस्ती! ती बहीण पाहुण्यांची नव्हे! ती माझी बहीण आहे! ऐका, ती अजून जिवंत आहे!" काच थरथरली. खाली कुणीही वळलं नाही. अध्यक्ष लोकांच्याच भाषेत बोलत होते, त्यामुळे सगळ्यांनी कानावरचे हेडफोन काढून गळ्यात अडकवले होते. रेडिओवरही अध्यक्षच चालू होते. ती खुराड्यातून बाहेर पडली आणि मागच्या अरुंद जिन्यावरून धडपडत खाली आली. दारावरच्या शिपायानं, "बाई, मतदान चालू आहे," म्हणून आडवा हात घातला. त्याच्या हाताखालून तिला सभागृह दिसलं. सगळे हात वर होते. डॉक्टरबाईंचा तेवढा खाली होता, आणि तो त्यांनी कपाळाला लावला होता.

बाई बाहेर आल्या तेव्हा साळूनं त्यांना गाठून सगळं सांगितलं. बाई भिंतीला टेकल्या.

"ती तुमची ताई?"

"हो."

"मघाशीच सांगायचं होतंत हो." बाई ओरडल्या नाहीत, त्यांच्यात तेवढं त्राण नव्हतं. "मी अध्यक्षांना सांगते. पण सहीला कागद गेला. आता तुमचं खरं मानलं तर सगळ्यांना आपले अश्रू परत घ्यावे लागतील. ते कुणी घेत नाही."

हात दाखवून अवलक्षण, एवढाच विचार साळूच्या डोक्यात घुमत राहिला. चिडायलाही कुणी उरलं नव्हतं. पाहुण्यांवर चिडावं तर ते बिचारे मोटारीत बसताना वर बघून खुराड्याच्या दिशेनं हात हलवून गेले. चांगल्या दुभाष्याला तेवढी दाद ते नेहमी देत.

घरी ताई मशीनवर बसली होती. हल्ली पाय सुजायचे, तरी कुणाचं तरी अंगरख्याचं काम घेऊन ठेवलेलं असायचं. रेडिओ शेजारीच होता.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "शेजारच्यांनासुद्धा बोलावलं होतं. किती वाईट गं त्या पाहुण्यांच्या बहिणीचं! आणि तीही शिवणारीच. माझी सुई थांबली ऐकताना. पुढे वाचली का ती? पाहुणे सांगतील म्हणून कान लावून बसले, तर ते विषयच बदलून गेले."

साळू दाराशीच उभी होती. चपला पायातच होत्या.

"नाही वाचली," ती म्हणाली. "मी तिला वाचवू शकले नाही."

"झालं तुझं सुरू!" ताई हसली आणि दोरा दातांनी तोडला. "अगं, घरात तरी तुझं बोल."

साळूनं चपला काढल्या. आत येऊन ती मशीनच्या पायाशी बसली, लहानपणी बसायची तिथंच, आणि ताईच्या सुजलेल्या पावलावर हात ठेवून म्हणाली, "सोमवारी जायचं नाहीये, ताई. सोमवारी नाही, आणि गुरुवारीही नाही."

ताईनं कापड बाजूला सारलं. रेडिओकडे पाहिलं, मग साळूकडे.

"म्हणजे ती मी होते तर," ती म्हणाली.

साळूला रडू फुटलं. ताई बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"छान बोललीस हो," ती शेवटी म्हणाली. "शेजारीणसुद्धा रडत होती."