सोनू पाण्याला जे बोलली

जिजा आमच्या वसईजवळच्या उमेळ्याच्या वाडीत कामाला यायची ती चिंचोटीहून. पहाटे पाडा सोडायचा, कामणपर्यंत चालत, तिथून एसटी, आणि उन्हं चढायच्या आत ती केळीच्या बुंध्याशी बसून गवत काढताना दिसायची. वारली बाई, अंगानं किरकोळ, बोलणं कमी. माझ्या आईचं, मटिल्डाचं, आणि तिचं मात्र जमायचं. दुपारी दोघी ओट्यावर भाकरी सोडून बसत आणि जिजा जे काही बोलायची ते आईपाशीच. पुढं सांगते त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं आईकडून आणि सोनूकडून कळलं.

सोनू ही जिजाची मुलगी, माझ्याहून थोडी लहान. तिच्या पाठचा चैत्या. नवरा काळूराम पावसाळ्यात आपल्या तुकड्यात भात लावायचा आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा.

जिजानं पोरांना समोर बसवून देवाधर्माचं कधी काही शिकवलं नाही. आम्हाला रविवारी जसं शिकवत तसं त्यांच्याकडे नव्हतंच. पण पावसात उगवलेली कोवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही, हे पोरांना ठाऊक होतं. खळ्यावर दाण्यावर पाय पडला तर वाकून कणसरीची, धान्याच्या देवीची, माफी मागायची, कारण भात म्हणजेच कणसरी. फांदी तोडायची तर आधी झाडाला हात लावून सांगायचं. वाघाचं नाव थट्टेत घ्यायचं नाही. पोरं हे सगळं चालायला शिकावीत तशी शिकली.

पाड्याच्या वरच्या अंगाला, धबधब्याखाली एक डोह आहे. त्याच्या काठावर तेव्हा शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरांचे, पाण्यातल्या देवींचे. जिजा पोरांना सांगायची, हे त्यांचं घर आहे, कुणाच्या दारात गेल्यावर आपण हाक देतो तशी हाक द्यायची आणि मग पाण्यात पाय टाकायचा. सोनू हाक द्यायची. इतकंच नाही, पाणी आपल्याशी बोलतं असं ती घरी येऊन सांगायची. आज पाणी म्हणालं, चैत्याला आणू नको. आज म्हणालं, खेकडे पलीकडे आहेत. काळूराम दुर्लक्ष करायचा. जिजाला मात्र बरं वाटायचं. आपल्यातलं काहीतरी पोरीत नीट उतरलंय, असं ती आईला म्हणाली होती.

एकोणऐंशी सालच्या श्रावणातली गोष्ट. धबधबा बघायला मुंबईची माणसं तेव्हाही येत, आतासारखी झुंबड नसे, पण रविवारी पाच-सहा घोळके असत. जिजा आणि सोनू पायवाटेवर काकड्या घेऊन बसत. त्या दिवशी जिजा आणखी काकड्या आणायला घरी गेली होती आणि सोनू एकटीच होती. चार तरुण डोहावर आले. त्यातला एक कपडे काढून पलीकडच्या खडकाकडे निघाला, तेव्हा सोनूनं उठून त्याला सांगितलं की तिकडे पाणी ओढतं, आणि आसरांना हाक देऊन मगच उतर.

तो हसला. पुन्हा सांग म्हणाला, मग तिच्यासारखं तोंड करून तिची नक्कल केली. बाकीचे हसले. त्यानं काठावरचा एक शेंदराचा दगड उचलला आणि पाण्यावर भिरकावला. मग दुसरा. मित्रांमध्ये पैज लागली, कुणाचा दगड किती उड्या मारतो. सोनूनं त्याचा हात धरला, त्यानं झटकला. ती चिखलात पडली. उठली ती रडत पाण्याच्या कडेला गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "याला घे."

सगळ्यांनी ऐकलं. कुणी मनावर घेतलं नाही. तो पोरगा पाण्यात उतरला, पलीकडे खडकावर चढला, त्यावरून घसरला आणि पुन्हा वर आला नाही. मित्र "विनू, विनू" म्हणून ओरडत राहिले. पाड्यावरचे लोक दोर घेऊन धावले. संध्याकाळी काळूराम आणि आणखी दोघांनी त्याला खडकाच्या सांदीतून काढला.

पोलीस आले. मित्रांतला एक हवालदाराला म्हणाला, या पोरीनं त्याला शाप दिला. हवालदारानं त्याला गप्प केलं, पाय घसरून बुडाला असं लिहून घेतलं आणि ते गेले. पण त्याचं बोलणं पाड्यातल्या माणसांनी ऐकलं होतं.

सोनूनं दुसऱ्या दिवसापासून नदीचं पाणी प्यायचं सोडलं. पावसाचं पाणी पन्हळीखाली मडक्यात धरायची आणि तेवढंच प्यायची. आंघोळीला ओढून न्यावं लागे. रात्री दचकून उठे. असे काही दिवस गेल्यावर एकदा चुलीपाशी तिनं विचारलं, "आये, पान्यानं माझं ऐकलं काय?"

जिजा तवा उतरवत होती. ती लगेच म्हणाली, नाही, तसं काही नसतं, तिथं शेवाळ आहे, तो घसरला. सोनूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मग तू सांगायची ते खोटं? कनसरी पन खोटी?"

जिजानं आईला हे सांगितलं तेव्हा मी तिथंच वाल सोलत होते. ती म्हणाली, "बाय, पान्यानं ऐकलं म्हनलं तर पोर जाते माझी. नाय ऐकलं म्हनलं तर मी तिला जन्मभर काय दिलं? माज्याकडं दुसरं काय हाय द्यायला?"

आईला सुचलं ते तिनं सांगितलं. आमच्यात पोरं फादरच्या कानात आपली चूक सांगतात, मन हलकं होतं. तुमच्यात असं कुणी नाही का? जिजा म्हणाली, आमच्यात पाण्यालाच सांगतात, आणि पोर पाण्याजवळ जायलाच तयार नाही.

भाद्रपदात पाड्यातलं एक तान्हं मूल तापानं गेलं. त्याच्या आदल्या आठवड्यात सोनूनं त्याला खेळवलं होतं. मुलाची आई दुःखानं वेडीपिशी झालेली. तिनं तोंडातून शब्द काढला, भुताळी, म्हणजे चेटकीण. दहा-अकरा वर्षांच्या पोरीला. मग बाया सोनूला बघून लेकरं घरात घ्यायला लागल्या. लोक भगताकडे गेले, तांदूळ बघ म्हणाले, कुणामुळे झालं ते सांग. भगत म्हातारा होता, जिजाच्या लग्नात त्यानंच देव बोलावले होते. आज अंग दुखतंय, उद्या अमावास्या आहे, असं करत त्यानं टाळलं. आणि एका संध्याकाळी जिजाच्या दारात येऊन म्हणाला, "पोरीला बाहेर ठेव. तांदूळ बघायला बसलो तर नाव घ्यावं लागंल, आणि समदे कुनाच्या नावाची वाट बघतात ते मला कलतंय."

काळूरामला राग आला तो जिजावर. तूच तिच्या डोक्यात हे भरवलंस, म्हणाला. देव देवाच्या ठिकाणी ठेवायचा असतो, पोरीच्या तोंडात घालायचा नसतो. त्यांच्या घरात एवढं मोठं भांडण तेच पहिलं, असं सोनू सांगते. सकाळी जिजानं सोनूची दोन परकर-पोलकी फडक्यात बांधली आणि तिला आमच्याकडे आणली.

सोनू आमच्या मागच्या खोलीत राहिली. आईनं तिला माझ्या शाळेत घातलं. ती कामाला चपळ होती, आईनं सांगितलेलं सगळं ऐकायची, पण वाडीतल्या बावखलापाशी जायची नाही. बावखल म्हणजे आमचं पाणी साठवायचं तळं, फुलझाडांना त्यातूनच पाणी जायचं. मी हात धरून न्यायला बघितलं तेव्हा तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला. रात्री आम्ही रोजरी, मरियेची माळ, म्हणायचो तेव्हा ती दाराशी बसायची. एकदा तिनं मला विचारलं, तुमची मरियाबाय ऐकते का? मी म्हटलं, हो, सगळं ऐकते. ती घाबरून उठून गेली.

जिजा कामाला आली की आधी तिला जवळ घ्यायची. मार्गशीर्षात, भात झोडून झाल्यावर, ती एका सकाळी आली आणि म्हणाली, सोनूला आज दिवसभर नेते. आई घाबरली. जिजा म्हणाली, पाड्यात नाही नेत, डोहावर नेते.

तिथं काय झालं ते सोनूनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

पाणी उतरलं होतं, निवळ झालं होतं. सात दगडांतले तीनच काठावर उरले होते. सोनू लांब झाडाखाली उभी राहिली. जिजानं तिला ओढलं नाही. ती एकटी काठावर बसली आणि सोनूनं कधीच न ऐकलेलं बोलायला लागली. सोनूच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. दोन वर्षांचा झाला आणि तापानं फणफणला. ती त्याला घेऊन इथंच आली होती. कोंबडी दिली, नारळ दिला, घसा बसेपर्यंत मागितलं. घरी पोचायच्या आत मूल गेलं.

"मी आय हुती त्याची," जिजा म्हणाली. "मी मागितलं ते पान्यानं दिलं नाय. तू रागावून काय बोलली ते देईल काय? पानी आपला गडी नाय, सांगितलं की करायला."

सोनूनं लांबूनच विचारलं, मग तू तरी इथं का येतेस?

"पानी हितं हाय, मी हितं हाय. नको येऊ?" मग ती म्हणाली, "तू वाईट बोलली. त्ये तुजं. तो घसरून मेला. त्ये त्याचं. दोन्ही एक करू नको."

सोनू हळूहळू काठापर्यंत आली. पाण्याला हात लावला नाही, पण जिजाच्या पाठीला पाठ लावून बसली. उन्हं कलेपर्यंत दोघी तशाच होत्या. निघताना तिनं विचारलं की त्या विनूच्या आईला कोण सांगणार, मी काय बोलले ते. ती माफी कुणाची मागायची? जिजानं खूप विचार केला आणि मला माहीत नाही म्हणाली. सोनू म्हणते, त्या दिवशी आये म्हणाली त्यातलं तेवढंच तिला पूर्ण पटलं.

त्यानंतर ती आमच्या विहिरीचं पाणी प्यायला लागली. रात्रीचं दचकणं कमी झालं. बावखलाशी मात्र ती कधीच गेली नाही.

जिजानं चैत्याला तसं वाढवलं नाही. कणसरीचं तिनं सांगितलं, तेवढं केलंच पाहिजे म्हणून. पण झाडाशी बोल, पाण्याला हाक दे, हे त्याला शिकवायला तिची जीभ उचलली नाही. तो दगडाच्या खाणीवर लागला. सुरुंग लावताना डोंगराला हात लावून सांगायचं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. जिजाला ते लागायचं. एकदा ती आईला म्हणाली, एका पोराला जास्त दिलं, दुसऱ्याला कमी, आणि दोन्ही वेळा चुकलंच.

पाडा हळूहळू निवळला. त्या तान्ह्या मुलाच्या आईला पुढं जुळे झाले, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तीच जिजाच्या दारात लावणीला माणूस मागायला आली. जिजा गेली. त्या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत. भगत वारला तेव्हा सगळ्यांत जास्त जिजा रडली.

सोनू आमच्याकडे दहावीपर्यंत होती. पास झाली नाही. वसईत एका डॉक्टरीणबाईंच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात आयाचं काम मिळालं, तिथंच राहायची सोय झाली. नुकतं जन्मलेलं मूल न्हाऊ घालायला तिच्याइतका हलका हात कुणाचा नाही असं बाळंतिणी म्हणत. लग्नाचं विचारलं की ती विषय बदलायची.

पाड्यावर ती वर्षातून एकदा यायची, भात घरात आला की. जिजा कोंबडी कापायची. काळूराम तिच्याशी कमी बोलायचा, पण तिच्यासाठी खाट बाहेर काढून ठेवायचा. सोनू जेवायची, चैत्याच्या पोरांना खाऊ द्यायची आणि उन्हं कलायच्या आत निघायची. तिच्याबरोबर जिजा कामणच्या रस्त्यापर्यंत चालत जायची. सत्त्याण्णव साली एकदा मीही सोबत होते. एसटी आली, सोनू चढली, आणि खिडकीतून तिनं जिजाच्या डोक्यावरचा पदर नीट केला. बस गेल्यावर मी जिजाला विचारलं, एक रात्र राहत का नाही ती? जिजा म्हणाली की तिला काम असतं. मग आम्ही दोघी पाड्याकडे वळलो आणि वाटेत ती मला यंदाच्या भाताबद्दल सांगत राहिली.