दादाची बोटं आणि जपानी किनार

अठ्ठ्याण्णव साली आमच्या घरात कमावता हात खरा एकच होता, माझ्या थोरल्या भावाचा. वडील वीटभट्टीवर होते, ते मी लहान असतानाच छातीच्या दुखण्यानं गेले. आई पशुखाद्याच्या गोदामातली फाटकी पोती शिवायची. सुतळीनं तिच्या बोटांना चिरा पडायच्या आणि पीठ मळताना ती मीठ बेतानंच घालायची, झोंबतं म्हणून. दादानं, सुदामनं, आठवीत शाळा सोडली आणि पिरंगुटला एका टेलरमास्तरांकडं काज-बटणाला बसला. दहा वर्षं बसला. अठ्ठ्याण्णवला जागामालकानं जागा विकली, मास्तर आपल्या गावाकडं निघून गेले आणि जाताना एक जुनं मशीन दादाला देऊन गेले. ते मशीन घेऊन दादा रस्त्याकडेच्या एका बंद टपरीच्या वळचणीला तीन महिने बसला. कुणाची पिशवीची चेन, कुणाचा उसवलेला खिसा, नाहीतर काहीच नाही. घरी आम्ही तांदळाच्या कण्या खायचो. मला ती भूक फारशी आठवत नाही, आठवतं ते दादाचं तोंड. ‘दुकान बंद पडणं’ या गोष्टीची धास्ती तेव्हा त्याच्या मनात जी शिरली ती शेवटपर्यंत निघाली नाही. पुढे घोटावड्यात दहा बाय दहाचा गाळा मिळाला, शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं, त्याच कामावर मी बी.कॉम. झाले. आमच्या सगळ्या भावकीत पहिली. तरी दिवाळीत चार दिवस दुकानाला कुलूप लावलं की दादा रोज एकदा जाऊन ते उघडून बघायचा.

दादा जाऊन आता दीड महिना झाला. फोन आला तेव्हा मी हिंजवडीला कंपनीत होते. वहिनी एवढंच म्हणाली, “मंगल, ये.” ज्या गोष्टीला दोन वर्षं घाबरत होते ती झाली, एवढं मला तेवढ्यात कळलं...

आमच्या घरात जपानी जीन्स आली ती माझ्या बढाईमुळे. कंपनीत नीलेश नावाचा अकोल्याचा मुलगा होता, पदानं माझ्या वर, मारुंजीत खोली घेऊन राहायचा. जपानी भाषा शिकलेला, प्रोजेक्टसाठी सहा महिने जपानला जाऊन आला आणि येताना एक जाड, गडद निळी पॅन्ट घेऊन आला. ती तो रोज घालायचा आणि धूत नव्हता. सुरुवातीला आम्हाला वाटलं, पाण्याची अडचण असेल. मग त्यानंच समजावलं. हे कापड जुन्या, अरुंद मागावर विणतात, रंग वरवर बसलेला असतो, तुम्ही जसे बसता-उठता तसा तो उडतो. न धुता वर्षभर घातली की तुमच्या चालण्याबसण्याची खूण पॅन्टवर उमटते. गुडघ्यामागे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, मांड्यांवर मिशांसारख्या फिकट रेघा. अशा लोकांचा त्याचा एक गट होता, इंटरनेटवर एकमेकांना गुडघ्यांचे फोटो पाठवणारा. मी हसले. पण पायाची रुंदी कमी करायला चांगला टेलर कुठे मिळेल, असं त्यानं विचारलं तेव्हा मी ताठ मानेनं सांगितलं, माझ्या भावासारखा हात मुळशी तालुक्यात नाही.

पॅन्ट घरी आणली तेव्हा शोभावहिनीनं ती काठीनं उचलली. “म्हशी धुत हुता का काय ह्यात? मंगल, तुझ्या त्या सायबाला आई न्हाई व्हय?” दादा मात्र कापडावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिला. असं कापड त्यानं कधी हाताळलं नव्हतं. मग त्यानं जे केलं ते कुणीही चांगल्या टेलरनं केलं असतं. बाहेरची शिवण उसवली. आत कापडाच्या कडेला पांढरी पट्टी होती, तिच्यात एक लाल दोरा. मिलच्या कापडाला असते तशी किनार. टेलरच्या लेखी किनार म्हणजे कचरा. ती आक्रसते, शिवणीला दगा देते, पहिली कात्री तिच्यावरच पडते असं मास्तरांनी शिकवलेलं. दादानं दोन्ही पायांची, पुढची आणि मागची, किनार सरळ रेषेत कापली, दशा निघू नयेत म्हणून कडा ओव्हरलॉक केल्या, इस्त्री केली. काम इतकं देखणं झालं होतं की मी स्वतः ते नीलेशला दाखवायला त्याला दुकानात घेऊन आले.

नीलेशनं पायाची कड उलटी करून बघितली. पुन्हा दुसऱ्या पायाची बघितली. मग तो बाकावर बसला. त्याचा चेहरा बघून मला माझी नोकरी जाताना दिसली. तो हळूच म्हणाला, “दादा, ती पट्टी... ती कुठंय जी?”

ती लाल दोऱ्याची किनार हीच त्या पॅन्टची ओळख होती. तिच्यासाठीच लोक एवढी किंमत मोजतात, पायाची कड दुमडून ती मिरवतात. दादाला हे कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. त्यानं चिंध्यांचं पोतं जमिनीवर पालथं केलं आणि गुडघ्यांवर बसून चारही पट्ट्या शोधून काढल्या. “पंधरा दिस द्या,” एवढंच बोलला.

त्या पंधरा दिवसांत तो धड जेवला नाही. नीलेश कंपनीत काहीतरी बोलेल, गावभर होईल, गणवेशाचं काम जाईल, दुकान बंद पडेल, ही त्याची साखळी सकाळी सुरू व्हायची. मी समजावत होते, पण मलाही तीच भीती होती. गणवेश आटोपले की तो त्या पट्ट्या हाती घ्यायचा आणि हातसुईनं, केसाएवढ्या टाक्यांनी बाहेरच्या शिवणीच्या आतल्या कडांवर परत बसवायचा. पंधराव्या दिवशी नीलेशनं कड दुमडून बघितली तर लाल दोरा जिथल्या तिथं. तो हसायला लागला. म्हणाला, जपानमध्येसुद्धा अशी एक नसेल. पुढच्या रविवारी तो मारुंजीहून आणखी चौघांना घेऊन आला.

तेव्हापासून रविवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर त्यांची बैठक बसायची. सातारचा, नांदेडचा, जळगावचा, सगळे पगारदार, आणि बोलणं काय, तर कुणाचा गुडघा किती उडाला. एकजण उजव्या खिशात किल्ल्या ठेवायचा तर त्याच्या मांडीवर किल्ल्यांचा ठसा उमटला होता, तो बाकीचे देवाचं पाऊल बघावं तसा बघायचे. दादा हळूहळू सगळं शिकला. पाय अरुंद करायचा तो आतल्या शिवणीतून. कोरं कापड असेल तर आधी भिजवायचं, आटू द्यायचं, मग कात्री. तळाला साखळी टाका, म्हणजे पुढे कडेला दोरीसारखा पीळ दिसतो. विरलेल्या गुडघ्याला मागून रफू, दोरा त्याच निळ्याचा. वहिनी चहा देताना टोमणा मारायचीच, “फाटकी पॅन्ट मिरवायला एवढं शिकावं लागतं व्हय रं?” आणि जळगावचा म्हणायचा, “वहिनी, न शिकता पण फाटते, पण मग मिरवता येत नाही.” पुण्याहून, चिंचवडहून जीन्स येऊ लागल्या. दादानं गणवेशाचं काम सोडलं. हा निर्णय माझाच होता, हे इथं सांगितलं पाहिजे.

एका दुपारी मी दुकानात गेले तर दादा एका पॅन्टवरून काहीतरी चिमटीत धरून काढत होता. काढायचा, बोटं झटकायचा, परत तिथंच चिमूट न्यायचा. “काळा दोरा हाय, निघंना.” मी वाकून बघितलं. कापडावर काही नव्हतं. मी त्याच्यापुढं माझा पांढरा रुमाल धरला, तर त्यानं रुमालावरूनही तो दोरा काढायला हात नेला.

पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर कित्येक वर्षांपासून असणार, कुणी तपासलीच नाही. डोळ्यांच्या आत रक्त उतरलं होतं. लेझर झालं, गोळ्या झाल्या, इन्सुलिन सुरू झालं, पण दोरे वाढत गेले आणि मग त्यांची जाळी झाली. मूत्रपिंडांवरही परिणाम झाल्याचं डॉक्टर मला इंग्रजीत म्हणाले. दादाला कळू नये म्हणून असेल. मला कळत होतं, आणि ते कळण्यासाठीच आपण शिकलो का, असं दवाखान्याच्या जिन्यावर मला वाटलं. खाली आल्यावर दादानं विचारलंही नाही डॉक्टर काय बोलले. एवढंच म्हणाला, “गिऱ्हाइकाला सांगू नगं. आंधळ्याच्या हातात कोण कात्री दील?”

आणि मी सांगितलं नाही. रविवारी मी दुकानात बसू लागले. माप मी मोठ्यानं म्हणायचे, जणू वहीत लिहून घेते आहे. खडूची रेघ तो मारायचा, पण पट्टी मी धरायचे. किनार त्याला बोटांनी कळायची. ती घट्ट, गुळगुळीत असते, कापलेल्या कडेला दशा असतात. डाव्या हाताची बोटं पुढं चालायची, मागून कात्री. लोक म्हणायचे, दादाचं लक्ष बघा, मान वर करत नाही. मी त्या कात्रीच्या आवाजाला इतकी भ्यायला लागले होते की कंपनीत कुणी कागद कापला तरी मी खुर्चीतून उठायचे. अशी आठ-नऊ महिने आम्ही दोघांनी फसवणूक केली. दुसरा शब्द नाही.

मग नीलेशनं नवीन पॅन्ट आणली. पुन्हा जपानला गेला होता, त्याचं लग्न ठरलं होतं, लग्नानंतर पहिल्या दिवसापासून ती घालायची असं त्याच्या मनात होतं. भिजवून, वाळवून झाली होती, फक्त उंची कमी करायची होती. तो बाकावर बसलेला, मी दादाशेजारी. दादानं एक पाय मापात कापला. पॅन्ट फिरवली, कड चाचपली, कात्री उघडली. आणि मला दिसलं की त्यानं फिरवून परत तोच पाय धरलाय. ओरडले असते तर नीलेशला सगळं कळलं असतं. मी कात्रीच्या तोंडात हात घातला.

तर्जनीला लागलं. रक्त पॅन्टवर पडू नये म्हणून मी हात मागं घेतला, तोवर दादानं कात्री खाली ठेवली होती. माझा हात शोधत तो भलतीकडेच चाचपत राहिला, आणि नीलेश ते बघत होता. दादा त्याच्याकडं तोंड करून म्हणाला, “सायेब, मला दिसत न्हाई. लई दिस झालं. तुमची पॅन्ट घिऊन जावा.”

नीलेश पॅन्ट घेऊन गेला. एक पाय कापलेला, एक तसाच. पुढच्या रविवारी पायरीवर कुणी आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही, त्याच्याही पुढच्या नाही. दादा रोज सकाळी नऊला दुकानात जाऊन मशीनपाशी बसायचा. मशीन पुसायचा. बाहेर गाडी थांबली की मान वर करायचा, मग गाडी पुढे जायची. मला टपरीच्या वळचणीतला तो आठवायचा. फरक एवढाच की आता त्याच्याकडं वेळही नव्हता, आणि हे आमच्या दोघांत फक्त मला ठाऊक होतं. का त्यालाही होतं... मी कधी विचारलं नाही.

पाचव्या रविवारी नीलेश लग्न उरकून आला. अंगावर तीच पॅन्ट, एक पाय मापात, दुसरा तीनदा दुमडलेला. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, “भीती वाटली, खोटं कशाला बोलू. दुसरीकडे न्यायची होती. दोन दुकानांपर्यंत गेलो, आणि दोन्हीकडे त्यांनी आधी किनारीलाच कात्री लावली असती.” मग दादाकडं वळून, “दादा, एक पाय राहिलाय.”

दादानं नकार दिला. दोनतीनदा दिला. शेवटी त्यानं आत तोंड करून हाक मारली, “शोभा, हिकडं ये.” वहिनीनं आजवर ब्लाउजपलीकडं काही कापलं नव्हतं. ती कात्री घेईना. “आवं, लगनाची पॅन्ट हाय ती. चुकलं तर?”

“चुकलं तर परत लावता येतं. मी लावलंय. तू फक्त माझ्या बोटामागनं ये.”

नीलेशनं पडद्यामागं जाऊन दादाची लुंगी गुंडाळली आणि पॅन्ट काढून दिली. दादाची बोटं किनारीपासून आडवी पुढं सरकली, वहिनीची कात्री मागून. कात्री अडखळत चालली होती, ते मला दिसत होतं, दादाला दिसत नव्हतं, पण कात्रीच्या आवाजावरून तो म्हणाला, “थांब. श्वास घे. आता चल.” कड कापून झाली. नीलेशनं दोन्ही पाय जुळवून बघितले आणि पॅन्ट तिथंच, पडद्यामागं जाऊन परत घातली.

त्यानंतर वर्षभर दादानं वहिनीला शिकवलं. घाईघाईनं शिकवलं. साखळी टाका, रफू, कुठलं कापड किती आटवायचं, सगळं तोंडी, बोटांनी. तिचं चुकलं की तो चिडायचा, ती उलट बोलायची, “मग तुमीच करा की,” आणि पुन्हा तोच टाका घालायची. डायलिसिस सुरू झालं तेव्हा तो गाडीत बसूनही तिला पाढे म्हणून घ्यावेत तशी कामाची एकेक पायरी म्हणून घ्यायचा. शेवटच्या आठवड्यात त्याला बोलता येत नव्हतं, तर चादरीची कड धरून अंगठ्यानं तो काहीतरी दाखवत राहिला. वहिनी मान हलवत म्हणायची, “व्हय, कळलं.” मला वाटत नाही तिला कळलं होतं.

दादाचं तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी सकाळी नऊला वहिनीनं दुकान उघडलं. त्या रविवारी पायरीवर सहाजण आले. चिंचवडच्या एका मुलाची कोरी पॅन्ट होती. मी पट्टी धरायला पुढं झाले, तर वहिनी म्हणाली, राहू दे. तिनं डाव्या हाताची बोटं किनारीवर ठेवली आणि दोन्ही पाय एकटीनं कापले. बरोबर कापले.

दुकान चालू आहे.